आधीचं काही न्हाई

डॉक्टरबाईंनी नळी शीतलच्या छातीवर ठेवली, उचलली, जराशी डावीकडे सरकवून पुन्हा ठेवली आणि तिथंच थांबल्या. लेकीचे पाय चेपत बसलेल्या पार्वतीबाईचे हातही थांबले.

“हिला आधी काही आजार होता का, मावशी?” कानातली नळी न काढताच त्यांनी विचारलं. “लहानपणी? सारखा ताप, सांधे सुजणं, छातीत धडधड, असलं काही?”

खाटेच्या एका अंगाला पार्वतीबाई, पोरीची आई. दुसऱ्या अंगाला जनकाबाई, पोरीची सासू. पोरगी दवाखान्यात आहे हे कळताच ती कुरुंद्याहून, हळद शिजवायच्या कढईजवळून उठून तशीच वसमतला आली होती. हात कोपरापर्यंत पिवळे. मधे शीतल. आठवा महिना. उशांचा ढीग पाठीशी घेऊन ती बसून होती, कारण आडवं झालं की तिचा दम कोंडायचा.

“न्हाई,” पार्वतीबाई म्हणाली. “आधीचं काही न्हाई.”

“नीट आठवा.”

“काय आठवायचं बाई त्यात? दणकट पोरगी हाय माझी. कापूस येचाया आमच्या म्होरं असायची.”

जनकाबाई काहीतरी बोलायला पुढं वाकली होती. ती मागं सरली आणि पदरानं तोंड पुसत बसली. शीतलनं आईकडं बघितलं नाही. ती खिडकीकडं बघत राहिली आणि छोटे छोटे श्वास घेत राहिली.

“छातीत आवाज येतोय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “रक्त फार कमी असलं तरी असा येतो. आधीचं काही नसेल तर मग रक्ताचाच असणार. आज रक्त चढवून घेऊ.”

पार्वतीबाईचं ते ‘न्हाई’ धडधडीत खोटं होतं. पोरगी दहा वर्षांची असताना हृदयाची झडप खराब झाली होती, हे पार्वतीबाईला जसं माहीत होतं तसं तिच्या गावात, हट्ट्यात, दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. परभणीच्या म्हाताऱ्या डॉक्टरनं तिला आणि संतरामला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, समोर बसवून बजावलं होतं. दर तीन आठवड्यांनी सुई. एकही चुकवायची नाही. आणि पुढं पोरीचं लग्न झालं, दिवस गेले, तर पहिल्यांदा हे डॉक्टरच्या कानावर घालायचं. पार्वतीबाईला अक्षरओळख नव्हती, पण हे तिला तोंडपाठ होतं. प्रश्न एवढाच, की डॉक्टरचे कान बाईमाणसाला एकटे कधी सापडतात?

पोरीला स्थळं यायला लागली तेव्हा संतरामनं निकाल देऊन टाकला होता. “झाकली मूठ सव्वा लाखाची. ह्या कानाचं त्या कानाला कळता कामा नये.” पार्वतीबाईला तो निकाल पटला, कारण तिच्या डोळ्यांपुढं शेजारच्या निर्मलाबाईची पोरगी होती. त्या पोरीच्या कमरेवर कोडाचा रुपयाएवढा डाग होता. लग्नाची हळद अंगावरून जायच्या आत तिला गाठोड्यासकट परत आणून घातली. आता ती भावाच्या घरी शेण भरते आणि भावजयीची बोलणी खाते. कुरुंद्याचं स्थळ आलं, हळदीचं रान, एकुलता एक मुलगा भागवत, माणसं शांत, तेव्हा तिनं शीतलला चुलीपुढं बसवून सांगितलं, “माझी शपथ हाय तुला. ह्या सुयांचं सासरी कुणापाशी बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

पोरगी म्हणाली होती, “न्हाई बोलणार.” आणि वर हसून म्हणाली होती, “तुझं तोंड जितं हाय तवाच किती बडबड करतं. मेल्यावर तर जीवच खाईल.”

लग्नाला पावणेदोन वर्षं झाली. कुरुंद्यात सुई देणार कोण, आणि सासूसमोर जाऊन घेणार कोण? पोरगी धडधाकट दिसत होती. पार्वतीबाईनं मनाला पटवून घेतलं, की गेलं असेल, लहानपणचं दुखणं लहानपणीच गेलं असेल. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून सातव्यात तिला हट्ट्याला आणलं. आठव्यात पोरगी बसून झोपायला लागली. सासरी सांगितलं, गॅस होतो. पार्वतीबाईला गॅसही कळत होता आणि झडपही. देवापुढं दिवा लावून ती म्हणाली, एवढं एक बाळंतपण सुखरूप होऊ दे.

आणि आज सकाळी पोरगी ओठ निळे करून उठली, तेव्हा तिनं ठरवलं होतं, की बस झालं, सांगून टाकायचं. जीपमधून वसमतला येईपर्यंत ती मनात घोकत आली. डॉक्टरबाई ऑपरेशनमध्ये होत्या. थांबावं लागलं. तेवढ्यात संतरामनं रीतीप्रमाणं सासरी फोन केला. न करून भागतंय होय? डॉक्टरबाई बाहेर यायच्या आधी जनकाबाई दारात उभी राहिली.

रक्त यायला वेळ होता. पार्वतीबाई उठली. बाकड्यावरून उठली तशी जनकाबाई तिच्या मागं.

“कुठं निघाल्या ईनबाई?”

“इथंच. जरा डाक्टरीणबाईला इचारून येते.”

“चला, मी बी येते. एकट्यानं नका जाऊ.”

पार्वतीबाई म्हणाली, राहू द्या, मागून विचारू. थोड्या वेळानं पुन्हा उठली, तर जनकाबाईनं चहा मागवला होता आणि पारलेचा पुडा फोडून हातात ठेवला. “सकाळधरनं पोटात काही न्हाई तुमच्या. पोरीला जपायचं तर आधी सोताला जपा.” वाईट सासू असती तर बरं झालं असतं. भांडून तरी तिला बाजूला करता आलं असतं. ही बाई सावलीसारखी सोबत राहिली, पाणी देत राहिली, पाठीवरून हात फिरवत राहिली. पार्वतीबाई एकदा खरंच डॉक्टरबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत पोचली. आत त्या फोनवर बोलत होत्या. तिनं चौकटीला धरलं, आता बोलायचं म्हणून पदर सावरला.

“ईनबाई, चला लवकर,” मागून जनकाबाई आली. “शीतल तुमाला बोलावून राहिली.”

शीतलला रक्ताची बाटली लागली होती. आईला बघून ती म्हणाली, “मला बसू वाटंना बाई. उभी कर मला.”

“उभं नसतं ऱ्हावं आसं.”

“बसलं की बुडाल्यावानी वाटून राहिलं.”

पार्वतीबाईनं तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं. सांगायचं ते पुन्हा राहिलं. संध्याकाळी कळा सुरू झाल्या, महिनाभर आधीच. रात्र कशी गेली ते देवाला ठाऊक. उजाडता उजाडता मुलगी झाली, मुठीएवढी, पण रडली चांगली. “लक्षुमी आली,” म्हणून जनकाबाईनं पिवळ्या हातांनी तिला घेतलं आणि रात्रीच येऊन पोचलेल्या भागवतला दाखवायला बाहेर नेलं.

तेवढ्यात शीतलच्या तोंडाला फेस आला. लालसर.

डॉक्टरबाई धावत आल्या, नळी छातीवर ठेवली आणि ओरडल्या, “नांदेडला हलवा. आत्ताच्या आत्ता. हिला हृदयाचंच काहीतरी आहे! मावशी, खरंच काही नव्हतं हिला?”

तेव्हाही सांगता आलं असतं. पार्वतीबाई, अगं, तेव्हा तरी सांगायचंस! त्या क्षणी खोलीत सासू नव्हती. नवरा नव्हता. कुणीसुद्धा नव्हतं. पण काल न्हाई म्हटलेलं आज व्हय कसं म्हणायचं, हे तिच्या जिभेला सुचलं नाही. बघता बघता लोक पोरीला उचलून घेऊन गेले.

नांदेड दिसायच्या आधीच शीतल गेली. आईच्या मांडीवर, भागवतच्या हातात हात असताना. जीप तिथूनच मागं फिरली.

लोक म्हणाले, बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, एखादीला मिळतो, एखादीला नाही. म्हणाले, आयुष्याची दोरी तेवढीच होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. कुरुंद्याच्या अंगणात पार्वतीबाई धुळीत लोळत होती तेव्हा जनकाबाईच तिला धरून बसली होती. तेराव्यानंतर पार्वतीबाई हट्ट्याला आली ती पुन्हा कुरुंद्याच्या रस्त्याला लागली नाही. नातीला बघावं असं सगळं गाव म्हणायचं. संतरामही म्हणायचा. ती म्हणायची, “जाऊ की. पाऊस उघडू द्या.” पाऊस उघडला. मग म्हणाली, सोयाबीन निघू द्या.

दसरा झाल्यावर एका दुपारी जनकाबाईच आली. एसटीनं, एकटी, खांद्यावर लेकरू टाकून. अंगणात ज्वारीचं निवडण पसरलं होतं. संतराम भिंतीला टेकून दोर वळत होता. पार्वतीबाई सूप तसंच टाकून उठली आणि दोन पावलं मागं गेली.

“घ्या की हिला,” जनकाबाई म्हणाली. “चावत न्हाई. अजून दात न्हाईत.”

पार्वतीबाईनं लेकरू घेतलं. डोळे थेट शीतलचे. तिनं ते छातीशी लावलं आणि मोठ्यानं रडायला लागली. लेकरू बिचारं दचकून तिच्याकडं बघत राहिलं. जनकाबाईनं तिला रडू दिलं. संतरामनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि पुन्हा दोर धरला.

“दीक्षा नाव ठेवलं,” पाणी पिऊन जनकाबाई म्हणाली. “बारसं काही केलं न्हाई. नुसतं नाव.”

“चांगलं हाय.”

“सर्दी झाली व्हती तिला. छाती वाजत व्हती, म्हणून दवाखान्यात नेलं. त्या डाक्टरनं इचारलं, आई कशानं गेली हिची? आईला आधीचा काही आजार व्हता का?” जनकाबाईनं तांब्या खाली ठेवला. “मला काही सांगता येईना. म्हणलं, हिच्या दुसऱ्या आजीला इचारून येते. म्हणून आले.”

सुपातल्या ज्वारीवर एक कोंबडी आली. कुणी तिला हाकललं नाही.

“ईनबाई, सुयांचं मला ठावं हाय,” जनकाबाई म्हणाली.

पार्वतीबाईचं लेकराच्या पाठीवरचं थोपटणं बंद पडलं.

“शीतलनंच सांगितलं व्हतं भागवतला. पहिल्या दिवाळीच्या आधीच. रडत सांगितलं म्हणे, की आईची शपथ मोडली, आता आईला काही व्हईल. भागवतनं मला सांगितलं. मी म्हणलं, आसू दे बाबा. पोरगी गुणाची हाय. कशाला उकरून काढायचं आन ईनबाईला खाली बघायला लावायचं? आमी काही मनात धरलं न्हाई.”

“तुमाला...” पार्वतीबाई म्हणाली. “तुमाला ठावं व्हतं? मंग त्या दिशी डाक्टरीणबाईपुढं तुमी काहून...”

“सांगणारच व्हते. तोंडापस्तोर आलं व्हतं. पर तुमी न्हाई म्हणल्या.” जनकाबाई साधेपणानं बोलत होती. “मला वाटलं, सुया घेऊन घेऊन बरी झाली आसल. आईपरीस जास्त मला काय कळतं? आई काहून खोटं सांगल, लेकराच्या जिवाची गोष्ट?”

टोमणा असता तर पार्वतीबाईनं तो सोसला असता. उलट चार शब्द बोलली असती, रडली असती, गळ्यात पडली असती. पण त्यात टोमणा नव्हता. बाई अडीच तास एसटीनं धक्के खात आली होती ती खरंच विचारायला. सहा महिने तिनं हाच एक विचार उराशी धरला होता, आणि तो खरा निघावा असं तिला वाटत होतं.

“बरी झाली व्हती ना ईनबाई? पुरी बरी झाली व्हती ना ती?”

“झाली व्हती की!” संतराम भिंतीपासून पुढं आला. “एकदम बरी. ते लहानपणचं व्हतं, घसा धरला की जरा... आधीचं तसं म्हणण्यासारखं काही...”

“तुमी गप ऱ्हा,” पार्वतीबाई म्हणाली.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. असं ती त्याला पाहुण्यासमोर कधी बोलली नव्हती. संतराम दोर हातात धरून तसाच उभा राहिला, मग गोठ्याकडं निघून गेला.

पार्वतीबाईनं लेकरू जनकाबाईच्या मांडीवर परत ठेवलं. जे सांगायचं ते त्या लेकराला हातात धरून सांगणं तिला जमेना. आणि मग तिनं सांगितलं. पहिल्यापासून, बराबर, काही न वगळता. दहाव्या वर्षी श्रावणात घसा धरला, ताप आला. ताप उतरला तर गुडघे सुजले, ते ओसरले तर मनगटं. बाहेरचं म्हणून लिंबू उतरवून बघितलं, त्यात पंधरवडा वाया गेला. मग बापानं पाठकुळी घेऊन परभणी. तिथल्या डॉक्टरनं सांगितलेली झडप, डाव्या बाजूची. सुईचं नाव तिला येत नव्हतं, पण औषध पांढरं, दाट, पिठल्यासारखं, आणि टोचताना जाड सुई लागायची, हे तिनं सांगितलं. बाराव्या वर्षी एकदा पुन्हा ताप आला, तेव्हा आठ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. चढ चढताना दम लागायचा. पाळी उशिरा आली. दिवस गेले तर आधी डॉक्टरला सांगा, असं त्या डॉक्टरनं सांगितलं होतं, तेही तिनं सांगितलं.

जनकाबाई ऐकत होती. मधे मधे “हं” म्हणत होती आणि ओठ हलवत मनात म्हणून बघत होती, डॉक्टरला सांगताना चुकू नये म्हणून. एकदा तिनं थांबवून विचारलं, “झडप डावी म्हणल्या ना?” पार्वतीबाई म्हणाली, “व्हय. डावी.”

असं कुणी पोरीच्या खाटेशी एकदा सांगितलं असतं तर! पण आता जिच्यासाठी सांगायचं ती पोरगीच राहिली नव्हती. पार्वतीबाईला आपलाच आवाज ऐकून नवल वाटत होतं; किती सोपं होतं हे बोलणं. जीभ झडून पडली नाही, घर कोसळलं नाही, कुणी कुणाला गाठोड्यासकट परत आणून घातलं नाही. तिला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं.

“आन सुई? ती कोण्या डाक्टरनं बंद करा म्हणलं?” जनकाबाईनं विचारलं.

“डाक्टरनं न्हाई म्हणलं.”

“मंग?”

“मी केली बंद.” पार्वतीबाई जमिनीकडं बघून बोलत होती. “सुई टोचली की दोन-तीन दिस कंबर धरायची तिची. पाय वढत चालायची. तुमचं बघायला येणं आन सुईची पाळी एकाच वक्ताला आली. म्हणलं, बघायला आलेली माणसं पोरीला चालवून बघतात. लंगडताना दिसली तर चहा बी न घेता उठून जातील. एक चुकली तर काय व्हतंय? पुढल्या टायमाला घेऊ. मंग कुंकू लागलं. मंग लगीन निघालं. ते राहिलं ते राहिलंच.”

जनकाबाईच्या मांडीवरच्या लेकरानं तिचा पदर तोंडात घातला होता, तो तिनं काढून घेतला नाही.

“चालली व्हती बराबर,” मग ती म्हणाली. “दारापस्तोर गेली आन हसत मागं आली. भागवतचे मामा म्हणले, राहू द्या, पोरगी दिसतीच हाय चांगली. मीच म्हणलं, न्हाई, चालून दाखव.”